डावीकडे जा.क्र., उजवीकडे दिनांक, ओळ एकच: टायपिंगच्या कामाला नवीन लागलेल्यांसाठी

टायपिंगची परीक्षा पास होऊन एखाद्या ऑफिसात नाहीतर डीटीपीच्या दुकानात नुकतेच लागला असाल, तर पत्राच्या एकाच ओळीत डावीकडे जा.क्र. (म्हणजे जावक क्रमांक) आणि उजवीकडे दिनांक बसवायचं काम लगेच अंगावर येणार. स्पीड ४० चा असला तरी माणूस इथे हमखास अडकतो, कारण तारखेसाठी कंट्रोल आर दाबलं की जा.क्र.सकट अख्खी ओळ उजवीकडे पळते. अलाइनमेंट पूर्ण पॅराग्राफला लागते, अर्ध्या ओळीला लागत नाही.

मग शेजारचे सीनियर म्हणतात, अगं स्पेस मार ना, काय एवढं. नका मारू! टाइपरायटरवर गाडी सरकायची ती दर वेळी सारखीच, त्यामुळे उजव्या कडेपासून अक्षरं मोजत मागे यायचं आणि तारीख बरोब्बर बसवायची, हे त्यांच्या हातात मुरलंय. त्यांना नावं ठेवत नाही, पण कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी आणि स्पेसची रुंदी फॉन्टप्रमाणे बदलते. मंगलमध्ये केलेलं पत्र साहेबांनी कोकिला फॉन्ट लावून बघितलं की सगळं विस्कटलं, आणि बोलणी तुम्हालाच.

तेव्हा टॅबच वापरायचा. पण खरा खड्डा पुढेच आहे आणि मी त्यात बरेच दिवस पडून होते, म्हणून जरा लांबण लावते. टॅबचे प्रकार असतात. रूलरवर, म्हणजे पानाच्या वरच्या मोजपट्टीवर, नुसतं क्लिक केलं की साधारणपणे डावा टॅब बसतो, इंग्रजी एलसारखी खूण दिसते ना, तोच. डाव्या टॅबला मजकूर तिथून सुरू होतो आणि उजवीकडे वाढत जातो. मे महिन्यात 'दिनांक : ५ मे २०२४' झकास बसलं, म्हणून तीच फाइल नमुना धरली. पुढे सप्टेंबर उजाडला, 'दिनांक : २८ सप्टेंबर २०२४' टाइप केलं आणि २०२४ खालच्या ओळीत. टॅब डावीकडे सरकवला तर मेच्या पत्रात उजवीकडे मोकळी जागा, परत सरकवला तर ऑगस्टला फजिती, आणि दोष मी प्रिंटरला देत होते. पाहिजे असतो उजवा टॅब. त्याला मजकूर तिथे संपतो आणि वाढतो डावीकडे, म्हणजे महिना मे असो की सप्टेंबर, शेवटचा आकडा कडेलाच.

तो रूलरवर क्लिक करून बसवायला जाऊ नका, कडेला नेमका इंडेंटचा (ओळीची कड ठरवणारा) त्रिकोण हातात येतो. वर्डमध्ये पॅराग्राफची खिडकी उघडून खाली टॅब्सचं बटण आहे, आधीचे सगळे टॅब क्लिअर करा, १५.९२ सेंटीमीटर टाका, राइट निवडा, सेट, ओके. मग जा.क्र. टाइप करून टॅब एकदाच दाबायचा. १५.९२ कुठून आलं? ए-फोर २१ सेंटीमीटर रुंद, त्यातून दोन्ही बाजूंचे २.५४ चे मार्जिन वजा. लीगल कागदावर प्रतिज्ञापत्र असेल तर रुंदी २१.५९, म्हणजे आकडा १६.५१. मार्जिन बदललं की आकडाही बदलायचा, तो आपोआप बदलत नाही. लिबरऑफिसमध्येही पॅराग्राफच्या खिडकीतच टॅब्स सापडतील.

हे एकदा जमलं की सोपं आहे हो, घाबरण्यासारखं काही नाही. फक्त ते 'पन्नास शॉर्टकट' वाले व्हिडिओ बघत बसू नका, त्यात टॅब कधीच नीट सांगत नाहीत. काही जण दोन रकान्यांचं टेबल करून रेघा लपवतात. खाली डावीकडे ठिकाण-दिनांक आणि उजवीकडे सही, नाव, पदनाम अशा तीन-चार ओळी असतील तर मलाही टेबलच बरं वाटतं, पण एका ओळीसाठी टेबल म्हणजे उगाच उपद्व्याप. शिवाय टेबलात टॅब दाबलात की कर्सर पुढच्या घरात उडी मारतो, तिथे कंट्रोल धरून टॅब दाबायचा.

हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या मार्जिनमधल्या जागेत, बहुतेक मधला आणि उजवा टॅब आधीच लावलेले असतात, म्हणून तिथे दोनदा दाबावा लागतो.

आणि सीनियरची जुनी फाइल हातात आली की आधी कंट्रोल शिफ्ट ८ दाबून बघा. ओळीत ठिपक्यांची रांग दिसली तर ती सगळी स्पेस. उडवा आणि एक टॅब टाका, पण शक्यतो ते जेवायला गेल्यावर.