हवा येऊ द्याची दहा वर्षं परत बघायचीत? मग अशी बघा

झी मराठीवरचा विनोदी कार्यक्रम 'चला हवा येऊ द्या' संपून आता बराच काळ झाला आणि मधे आमच्या घरात सगळ्यांनी ठरवलं की पहिल्यापासून परत बघायचं. ठरवलं म्हणजे काय, पावसात दोन दिवस घरात अडकलो होतो, टीव्हीचं रिचार्ज संपलेलं, म्हणून मोबाईल टीव्हीला जोडला आणि सुरू केलं. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळं चुकीच्या पद्धतीनं बघितलं आणि कंटाळून सोडून दिलं, मग दुसऱ्यांदा नीट बघितलं तेव्हा कळलं की एवढा मोठा कार्यक्रम परत बघायची पण एक पद्धत लागते. ती सांगतो, तुमचा आठवडा वाचेल.

पहिली चूक क्लिप्सची. यूट्यूबवर सात-आठ मिनिटांचे तुकडे पडलेत, 'भाऊ कदमची तुफान कॉमेडी' टाइप, आपण तेच लावतो आणि दहाव्या क्लिपला हसू येणं बंद होतं. कारण साधं आहे राव, क्लिपमध्ये फक्त फटाका असतो, वात नसते. या कार्यक्रमाची मजा थुकरटवाडीच्या, म्हणजे त्यातल्या काल्पनिक गावाच्या, माणसांची सवय होण्यात होती. भारत गणेशपुरेंचा वऱ्हाडी सरपंच कशावर चिडणार, कुशल बद्रिके कुठे जास्त शहाणपणा करायला जाणार, श्रेया बुगडे कधी आवाज बदलणार हे आपल्याला आधीच माहीत असायचं आणि तरी आपण वाट बघायचो. त्यामुळे झी५ वर जाऊन अख्खे एपिसोड लावा.

सुरुवात कुठून? ऑगस्ट 2014 पासून, पण सगळे नाही. सुरुवातीचे चार-पाच बघा. त्यात सगळे अजून चाचपडताहेत, कोण कुठला रोल करणार ते ठरलेलं नाही, सेट पण साधा. आणि जमलं तर त्याच्या आधी 'फू बाई फू'चे दोन-तीन भाग बघून घ्या, कारण निलेश साबळे, भाऊ कदम, सागर कारंडे, कुशल, गणेशपुरे ही मंडळी तिथे ओळखीची झालेली. फरक असा की तिथे स्पर्धा होती, जोड्या होत्या, मार्क होते. इथे मार्क देणारं कोणी नाही म्हटल्यावर माणसं एकमेकांना हसवायला लागली, आणि माझ्या मते दहा वर्षं चालण्याचं खरं कारण ते आहे. साबळे मधूनच हसू दाबताना दिसतो ना, ते बघा. तो लेखक-दिग्दर्शक, म्हणजे ती ओळ त्यानंच लिहिलेली असणार आणि तरी त्याला हसू आवरत नाही, म्हणजे समोरच्यानं वाटेत काहीतरी वेगळं केलंय.

दुसरी पद्धत, आणि ही मला सगळ्यात आवडली. एक एपिसोड एका माणसावर डोळा ठेवून बघायचा. म्हणजे तो बोलत नसताना. भाऊ कदमला असं बघा. आपल्याला वाटतं भाऊ म्हणजे ते विनोदी उच्चार आणि तो चेहरा, पण तो गप्प उभा असताना जे करतो ते बघा, समोरचा बोलतोय आणि हा बाईच्या वेशात पदराशी खेळतोय किंवा कुठेतरी भलतीकडेच बघतोय, आणि मग इतका उशिरा बोलतो की तेवढ्यात प्रेक्षक आधीच फुटलेले असतात. आमच्या ताईनं हे पहिल्यांदा दाखवलं. ती म्हणाली अरे तू बोलणाऱ्याकडे का बघतोयस, त्या दिवसापासून आमचं बघणंच बदललं. कुशलला बघायचं असेल तर उलट, त्याचं बोलणं ऐका, तो समोरच्याच्या वाक्यात घुसतो आणि तरी समोरच्याचं वाक्य पडू देत नाही. हे दिसतं तितकं सोपं नाहीये, कॉलेजच्या गॅदरिंगला करून बघितलेल्यांना विचारा.

आता सिनेमावाल्यांचे एपिसोड. प्रमोशनला आलेल्या टीमसमोर त्यांच्याच सिनेमाची खिल्ली उडवायची ही याची खरी चाल, 2016 मध्ये 'सैराट'ची टीम आली, त्याच वर्षी 'फॅन'च्या वेळी शाहरुख खान आला, त्यानंतर हिंदीवाल्यांना पण कळलं की मराठी घरात पोचायचं तर या पायरीवर यावं लागतं. पण बघताना एक करा, ज्या सिनेमावर स्किट आहे तो आधी माहीत असू द्या. आम्ही काही अशा सिनेमांचे भाग लावले जे आज कोणालाच आठवत नाहीत, आणि अर्धं स्किट डोक्यावरून गेलं, तिथे स्किटचा काही दोष नाही, सिनेमाच विरून गेला. उलट जुन्या गाजलेल्या सिनेमांवरची स्किट अजून तशीच चालतात. मोठा स्टार आला की आणखी एक होतं, सगळे जरा सांभाळून खेळतात, स्तुती वाढते, म्हणून माझं मत असं की सगळ्यात गाजलेले पाहुणे असलेले एपिसोड हे सगळ्यात चांगले एपिसोड नाहीत. यावर घरात भांडण झालं, काकांचं म्हणणं उलट आहे, ते सोडून देऊ.

पोस्टमनची पत्रं मात्र वेगळी बघायची. सागर कारंडे खाकीत यायचा आणि अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायचा, आणि पाच मिनिटांपूर्वी पोट धरून हसणारे लोक डोळे पुसायचे. ही पत्रं एकामागून एक लावू नका. आम्ही लावली, चौथ्या पत्राला सगळे गप्प आणि पाचव्याला आई म्हणाली बंद कर. ती जेवणातल्या लोणच्यासारखी आहेत, वाटीभर खायची नाहीत. एपिसोडमध्ये जिथे येतं तिथेच ऐका, आधीच्या धिंगाण्यानंतर एकदम शांत होणं हाच त्याचा अर्धा परिणाम आहे. आणि ऐकताना कारंडेचा आवाज ऐका, रडवायचा प्रयत्न न करता सपाट वाचतो म्हणून ते लागतं. हाच माणूस साडी नेसून पुणेरी बाई व्हायचा हे आठवलं की अजून मजा.

साडीवरून आठवलं. पुरुषांनी बाई होणं हे इथे इतकं होतं की काही लोक वैतागतात. मला वाटतं याकडे दोन नजरांनी बघावं. तमाशात मावशी असते, गवळणीत कृष्णाशी हुज्जत घालणारी, ती पुरुषच करतो, बतावणीत दोघं समोरासमोर उभे राहून शब्दावरून शब्द काढतात, थुकरटवाडीचं बरंचसं गणित तिथलंच आहे, फक्त वर टीव्हीचे लाइट्स. हे डोक्यात ठेवून बघितलं की काही स्किट एकदम उलगडतात. पण दुसरी गोष्ट पण खरी, कोणाच्या रंगावरून, जाडीवरून, उंचीवरून मारलेले जोक आज ऐकताना हात आपोआप फॉरवर्डकडे जातो, तेव्हा आपणच हसलो होतो हे मान्य करूनसुद्धा. घरात लहान मुलं असतील तर तिथे थांबून दोन शब्द बोला किंवा सरळ पुढे ढकला, मी ढकलतो.

दौरे आणि स्पर्धा यांचं काय करायचं? महाराष्ट्र दौऱ्याचे भाग निवडून बघा, आपलं गाव किंवा जवळचं शहर असेल ते आधी, तिथल्या प्रेक्षकांचा हशा स्टुडिओपेक्षा वेगळा आहे. विश्वदौरा परदेशातल्या नातेवाइकांबरोबर व्हिडिओ कॉल लावून बघा, आमची मावसबहीण तिकडे बसून आमच्या आधी हसत होती कारण तिचं नेट फास्ट. 'होऊ दे व्हायरल' हे नव्या लोकांचं पर्व होतं, ते सगळं बघायची गरज नाही, पण स्नेहल शिदमचे भाग बघा, ती जिंकली आणि मग मुख्य टोळीत आली, बाहेरचं माणूस या घरात कसं मुरतं ते तिच्यात दिसतं.

2020 नंतरचे भाग बघताना कान उघडे ठेवा. मार्चमध्ये शूटिंग थांबली, मग सुरू झाली तेव्हा नियमांमुळे समोर प्रेक्षक बसवता येत नव्हते. विनोदाला समोर माणूस नसला की काय होतं याचा यापेक्षा चांगला धडा नाही, तीच माणसं, तशीच स्क्रिप्ट, आणि टायमिंग अर्ध्या सेकंदानं सरकलेलं. तोपर्यंत सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' पण जोरात होती, 2018 पासून, आणि लोक तुलना करायला लागले होते. शेवटी शेवटी कारंडेही नव्हता आणि दमल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू. तिथे महिन्याला एक एपिसोड पुरे.

मार्च 2024 चा शेवट सगळ्यात शेवटी बघा, मधेच नको. त्यानंतर एप्रिलमध्ये साबळे आणि भाऊ कलर्स मराठीवर गेले, आणि कार्यक्रमाचं नाव काय, 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' म्हणजे चॅनल बदललं पण साबळेची नेहमीची ओळ बरोबर घेऊन गेले. 2025 च्या जुलैत 'हवा येऊ द्या' परत आलं, अभिजीत खांडकेकर सूत्रसंचालक, हास्यजत्रेतला गौरव मोरे त्यात, ते वेगळं म्हणून बघा, जुन्याशी जोडत बसलात तर दोन्हीची मजा जाते.

वेळेचं म्हणाल तर सोमवार-मंगळवार साडेनऊ हीच वेळ ठेवा, जेवणं उरकून, एका रात्री एकच. सलग बघायचा हा प्रकार नाही, आठवडाभर त्यातली वाक्यं घरात वापरली गेली पाहिजेत. आणि रिमोट आईकडे द्या. कुठला भाग पुढे ढकलायचा ते तिला आपल्यापेक्षा आधी कळतं.