घराबाहेर असताना घरचा फोन मोबाइलवर कसा वळवावा

घरचा फोन मोबाइलवर वळवायचा राहून गेला, हे हमखास प्रवास सुरू झाल्यावर आठवतं. मला ते हॉस्पिटलच्या बाकड्यावर आठवलं. वडिलांना रात्री अचानक दाखल करावं लागलं होतं. त्यांच्या सगळ्या मित्रांकडे, नातेवाइकांकडे फक्त घरचा नंबर होता आणि घराला कुलूप. कॉल फॉरवर्डिंगची सोय आमच्या लाइनवर होती, पण ती घरच्या फोनवरूनच चालू करावी लागायची. तीन दिवस तो फोन रिकाम्या घरात वाजत राहिला. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: फोन बाहेरून वळवता यावा असं वाटत असेल, तर त्याची तयारी घरी असतानाच करून ठेवावी लागते.

त्यासाठी फोन कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा आणि नेमकं विचारा, “माझ्या लाइनचं कॉल फॉरवर्डिंग मला दुसऱ्या फोनवरून चालू-बंद करता येईल का?” शब्द असेच वापरा. नुसतं “रिमोट कॉल फॉरवर्डिंग हवंय” म्हटलं तर घोटाळा होऊ शकतो, कारण काही कंपन्या हेच नाव एका वेगळ्या सेवेला देतात. त्या सेवेत घरात फोनच नसतो. एक्स्चेंजमध्ये नुसता नंबर असतो आणि त्यावर येणारा प्रत्येक कॉल कायमचा दुसरीकडे जातो. आपल्याला हवा आहे तो रिमोट ॲक्सेस, म्हणजे घरच्या लाइनचं फॉरवर्डिंग बाहेरून चालू-बंद करण्याची सोय.

सोय मिळाली की तीन गोष्टी लिहून घ्या: बाहेरून लावायचा ॲक्सेस नंबर, तुमचा पिन, आणि चालू व बंद करण्याचे कोड. कोड सगळीकडे एकसारखे नसतात. उत्तर अमेरिकेत बहुतेक लाइनवर *७२ ने फॉरवर्डिंग चालू होतं आणि *७३ ने बंद. ब्रिटनसह युरोपात बऱ्याच ठिकाणी *२१* पुढे नंबर आणि # असं दाबतात. #२१# ने ते रद्द होतं, तर *#२१# ने सध्या काय लावलंय ते कळतं.

पिनबद्दल मी आग्रहाने सांगेन. कंपनीने दिलेला सुरुवातीचा पिन त्याच दिवशी बदला, आणि जन्मवर्ष किंवा फोन नंबरचे शेवटचे चार आकडे ठेवू नका. पिन कुणाच्या हाती लागला तर तो माणूस तुमचे कॉल स्वतःकडे वळवू शकतो, त्यात फोनवर सांगितले जाणारे बँकेचे ओटीपीही आले. परदेशातल्या महागड्या नंबरवर लाइन वळवली, तर ते बिलही तुमच्याच नावावर येतं. कुणी फोन करून “तक्रार दूर करायला हा कोड दाबा” असं म्हणालं, तर तो अजिबात दाबू नका. लोकांचे कॉल चोरून वळवण्याची ही ठरलेली युक्ती आहे.

आता प्रत्यक्ष बाहेरून वळवताना काय करायचं? ॲक्सेस नंबर लावा. सूचना किंवा टोन ऐकू आला की आधी घरचा पूर्ण नंबर, मग पिन, मग चालू करण्याचा कोड आणि शेवटी ज्या मोबाइलवर कॉल हवेत त्याचा नंबर दाबा. क्रम कंपनीप्रमाणे थोडा बदलतो, पण टप्पे साधारण हेच. घाई करू नका, सूचना पूर्ण ऐका, आणि खात्रीचा टोन किंवा निरोप आल्याशिवाय फोन ठेवू नका. हे आकडे टोननेच जातात, त्यामुळे जुन्या तबकडीच्या फोनवरून हे काम होत नाही.

इंटरनेटवरून चालणारी लाइन असेल तर हे बरंच सोपं आहे. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर कॉल फॉरवर्डिंगच्या सेटिंगमध्ये जायचं, नंबर घालायचा, सेव्ह करायचं. फक्त एक गोष्ट आधी तपासा: लॉगिनचा कोड घरच्याच फोनवर तर येत नाही ना? तसं असेल तर नेमक्या गरजेच्या वेळी तुम्ही बाहेरच अडकाल. अशा लाइनवर ‘लाइन बंद असेल तेव्हा’ वळवण्याचा वेगळा पर्याय असेल, तर तो नेहमीच चालू ठेवा. राउटरची वीज गेली तरी कॉल तुमच्यापर्यंत पोचतात.

एक चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे. घरचा फोन वळवायचा म्हणून लोक हातातल्या मोबाइलवर **२१* चा कोड दाबतात. त्याने घरचा फोन वळत नाही, मोबाइलच दुसरीकडे वळतो. नंतर घरचा फोनही वळवला, तर घर मोबाइलकडे आणि मोबाइल घराकडे अशी फिरकी बसते आणि फोन करणाऱ्याला दोन्हीकडे कुणी भेटत नाही. असं झालंच तर मोबाइलवर ##२१# दाबून ते काढून टाका.

सेटिंग झालं की तिसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून घरचा नंबर लावून पाहा. स्वतःच्या मोबाइलवरून तपासलं तर तो तुम्ही वापरत असल्यामुळे नुसता बिझी लागू शकतो, आणि फॉरवर्डिंग बिघडलंय असं उगाच वाटतं. मोबाइल बंद असेल तेव्हा मोबाइलचा व्हॉइसमेल कॉल उचलतो, हेही लक्षात असू द्या. घरच्या मशीनवर निरोप शोधत बसू नका.

खर्चाचं गणित असं: फोन करणारा तुमच्या घरापर्यंतच्या कॉलचे पैसे देतो, घरापासून मोबाइलपर्यंतचा पुढचा कॉल तुमच्या लाइनवर लागतो. तुम्ही परदेशात असाल तर त्यात रोमिंगची भर पडते. मोठ्या प्रवासाआधी दर विचारूनच घ्या.

आणि परत आल्यावर ते बंद करा. हे विसरणं फार सोपं आहे, कारण घरून बाहेर फोन नेहमीसारखेच लागतात. येणारा कॉल घरी वाजत नाही किंवा एकदाच अर्धवट वाजून थांबतो. काही लाइनवर रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन तुटक ऐकू येतो, तीही खूण ओळखून ठेवा. बंद करण्याचा कोड दाबल्यावर मोबाइलवरून घरी एक फोन लावा आणि घरातली घंटा पूर्ण वाजते आहे ना, ते स्वतःच्या कानांनी ऐका.