वनस्पतीने कर्करोगाच्या पेशी मरतात, ही बातमी कशी वाचावी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो: लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा घ्या, कर्करोगाच्या पेशी मरतात. हे विधान पूर्णपणे खोटे असते, तर ते खोडून काढणे सोपे झाले असते. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी या फळझाडातील संयुगांनी खरोखर मरतात. मात्र बशीत पेशी तर ब्लीचिंग पावडरनेही मरतात. म्हणून अशी बातमी वाचताना पेशी मेली का, यापेक्षा ती कशी, कुठे आणि किती मात्रेने मेली, हे आधी शोधावे.

पेशी कशी मेली, इथून सुरुवात करावी. निरोगी शरीरात बिघडलेली किंवा नको असलेली पेशी स्वतःच आपला अंत घडवून आणते. या नियोजित पेशीमृत्यूला 1972 साली ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव मिळाले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ असा आहे आणि तो चपखल आहे, कारण पेशी आक्रसते, तिचे आवरणात बांधलेले लहान तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. दाह होत नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामधून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडले की कॅस्पेस नावाची विकरे (एन्झाइम) जागी होतात आणि पेशीतील प्रथिने कापू लागतात. कर्करोगाची पेशी ही यंत्रणा अनेकदा बंद पाडते: पी-53 हे पहारेकरी प्रथिन निकामी होते किंवा बीसीएल-2 सारखी मृत्यू रोखणारी प्रथिने वाढतात. वनस्पतीतील एखादे संयुग ही अडवणूक मोडून यंत्रणा पुन्हा चालू करते का, हे पाहणाऱ्या संशोधनाला अर्थ आहे. नुसते ‘पेशी नष्ट झाल्या’ एवढेच लिहिले असेल, तर निरोगी पेशींचे काय झाले, हेही विचारावे.

वनस्पतींतून औषधे आलीच नाहीत, असे मात्र मुळीच नाही. बाल्कनीतल्या कुंडीत फुलणाऱ्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन मिळाले. ते पेशीविभाजनासाठी लागणारे सूक्ष्म तंतू बनू देत नाही, विभाजन अर्ध्यावर अडकते आणि पेशी मृत्यूच्या वाटेला लागते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही वापरतात. प्रौढ रुग्णाला एका वेळी ते साधारण 2 मिलिग्रॅमपर्यंतच, तेही शिरेतून देतात, इतके ते जहाल आहे. सदाफुलीची पाने चावून खाणाऱ्याला ही मात्रा कशी कळणार? सह्याद्रीतील नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारे संयुग असते. मूळ संयुगाच्या सुरुवातीच्या चाचण्या तीव्र विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या आणि त्याची रचना बदलून केलेली इरिनोटेकॅन व टोपोटेकॅन ही औषधेच पुढे उपचारात आली. झाडापासून औषधापर्यंतचा हा मधला प्रवास फिरत्या संदेशात कधीच नसतो.

मात्रेचा हिशोब घरीही करता येतो. हळदीत कर्क्युमिन हे संयुग साधारण 3 टक्के असते, म्हणजे 3 ग्रॅमच्या चमचाभर हळदीत सुमारे 90 मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत पेशी मारण्यासाठी त्याची तीव्रता बहुधा 10 मायक्रोमोलर (द्रावणातील तीव्रतेचे एकक) किंवा त्याहून जास्त ठेवतात. माणसांना रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे पाव किलोहून अधिक हळदीतले, देऊनही रक्तातील सर्वोच्च पातळी सरासरी 2 मायक्रोमोलरच्या आतच राहिल्याचे 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. हळदीचे दूध प्यायला माझा आक्षेप नाही. त्याला उपचार म्हणायला आहे.

केमोथेरपी चालू असेल, तर प्रश्न अधिक गंभीर होतो. कर्क्युमिनच्या गोळ्यांत शोषण वाढवण्यासाठी अनेकदा काळ्या मिरीतील पायपेरीन घालतात. तेच पायपेरीन यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांना अडवू शकते आणि मग औषधाची रक्तातील पातळी अनपेक्षितपणे वाढण्याची शक्यता असते. लक्ष्मणफळातील ॲनोनॅसिन हे संयुग चेतापेशींना घातक ठरू शकते. भाजीतली हळद, आमटीतली मिरी यांची धास्ती घेऊ नये. अर्क, काढे आणि गोळ्या यांचा हिशोब वेगळा.

ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या कर्करोग उपचार व संशोधन केंद्रामध्ये किंवा अन्य कोणत्याही कर्करोग रुग्णालयात तपासणीला जाताना रुग्ण घेत असलेले प्रत्येक चूर्ण, काढा, गोळी यांचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख एका कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवावी आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता तो कागद पुढे करावा. डॉक्टर रागावतील म्हणून नातेवाईक हे लपवतात, आणि यकृताच्या तपासणीचे आकडे अचानक वाढले की कारण शोधण्यात दिवस जातात. लिहिणे जमत नसेल, तर डब्याचा फोटो काढावा. त्यावरील घटकांची यादी मात्र वाचता आली पाहिजे.