टॉवेल पिळताना कोपर दुखतंय? टेनिस एल्बोवरचं संशोधन आपल्या कामी कसं आणावं

आमच्या वहिनी सोलापुरात कडक भाकरीच्या ऑर्डरी घेतात. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मागणी इतकी वाढली की रोज पहाटे चारला परात पुढ्यात. आठवडाभराने एका सकाळी त्यांना ओला टॉवेल पिळता येईना. उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी कळ आली की टॉवेल हातातून सुटायचा. डॉक्टरांनी ‘टेनिस एल्बो’ सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, “टेनिस? मी रॅकेट बघितली ती डास मारायची.”

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. शेजारच्या काकू म्हणाल्या, इंजेक्शन घ्या, दोन दिवसांत हात मोकळा. मेव्हण्याने पीआरपीचं, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या करून परत टोचण्याचं नाव घेतलं. मी डॉक्टर नाही, पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहितो. पण आकडे दिसले की ते कुठल्या तारखेपर्यंतचे, हे आधी बघायची सवय आहे. या दुखण्यावरच्या संशोधनात तीच सवय कामी आली, म्हणून ती रीत इथे मांडतोय.

१. दुखणं तेच आहे ना, ते पाहा

कोपर सरळ ठेवा, तळवा जमिनीकडे करा आणि खुर्ची पाठीला धरून उचला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ आली तर टेनिस एल्बोचा संशय घ्यायला जागा आहे. मनगट वर उचलून धरणारे स्नायू तिथल्याच हाडाला कंडरेने, म्हणजे दोरीसारख्या चिवट पट्टीने बांधलेले असतात. म्हणून भाकरी बडवणाऱ्या, विड्या वळणाऱ्या किंवा दिवसभर पाना फिरवणाऱ्या हाताला हे दुखणं गाठू शकतं. पस्तिशी ते पंचावन्न या वयात ते जास्त दिसतं. मात्र बोटांना मुंग्या येत असतील, मान दुखत असेल, कोपर सुजलं असेल किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर घरी परीक्षा घेत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

२. वही घाला

संशोधक या दुखण्यासाठी १५ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. गेल्या आठवड्यात किती दुखलं आणि कुठलं काम किती जड गेलं, याला शून्य ते दहा गुण द्यायचे. किल्ली फिरवणं, भरलेला पेला तोंडापर्यंत नेणं, पिशवी उचलणं ही कामं त्यात आहेत, आणि ओलं फडकं पिळणंही. टॉवेलच्या गावात राहून हा प्रश्न वाचताना मला हसू आलं.

घरी एवढी चारच कामं घ्या आणि दर रविवारी गुण लिहा. वहिनींच्या पहिल्या पानावर ‘टॉवेल ९’ असं आहे. वही नसेल तर ‘जरा बरं वाटतंय’ यापलीकडे काही हाती लागत नाही, आणि बरं वाटणं हे शेवटी कोण विचारतंय त्यावरही ठरतं.

३. प्रत्येक उपचाराला दोन प्रश्न विचारा: कुणाच्या तुलनेत? किती दिवसांनी?

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. ‘इंजेक्शनने शंभरातल्या ब्याण्णव जणांना गुण आला’ हे वाक्य खरं आहे. २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासातलं आहे ते. त्यात १८५ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले होते. एका गटाला स्टिरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, आणि तिसऱ्याला नुसतं ‘थांबा, बघू, हात जपा’. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले ९२ टक्के बरे होते, फिजिओथेरपीवाले ४७ आणि नुसते थांबलेले ३२. इथे वही मिटली तर काकूंचं म्हणणं पटलंच पाहिजे.

पण त्यांनी वही वर्षभर उघडी ठेवली. ५२ आठवड्यांनी फिजिओथेरपीचे ९१ टक्के बरे होते, नुसते थांबलेले ८३, आणि इंजेक्शनचे ६९. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, तेही इंजेक्शनवाल्यांच्या पुढे गेले होते. मी हे कोष्टक तीनदा वाचलं. आमच्याकडे दिवाळीचा खप बघून कुणी वर्षाचा नफा सांगितला, तर मालक त्याला चहासुद्धा देणार नाहीत.

एकाच अभ्यासावर विसंबू नये, हेही खरं. तर २००६ साली ऑस्ट्रेलियात १९८ जणांवर असाच प्रयोग झाला आणि चित्र तेच निघालं. सुरुवातीला इंजेक्शन पुढे, पण त्यातून बरे झालेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं दुखणं परत आलं. २०१३ साली आणखी एक प्रश्न सोडवला गेला: दोष औषधाचा की सुईचा? १६५ जणांपैकी काहींना स्टिरॉइड टोचलं, काहींना औषध नसलेलं इंजेक्शन. वर्षभराने स्टिरॉइडवाल्यांत ८३ टक्के बरे होते, दुसऱ्यांत ९६. दुखणं उलटण्याचं प्रमाण ५४ विरुद्ध १२ टक्के.

हे असं का, त्याचा एक धागा १९७९ साली सापडला होता. शस्त्रक्रियेत काढलेली कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा सुजेच्या पेशी फारशा दिसल्याच नाहीत. दिसली ती झिजलेली, वेडीवाकडी सांधली गेलेली ऊती. स्टिरॉइडचं मुख्य काम सूज उतरवण्याचं. मग जिथे सूज हा मूळ आजारच नाही, तिथे कंडरा त्याने कशी दुरुस्त व्हावी?

४. महागड्या उपायांनाही तेच प्रश्न

पीआरपीबद्दल २०२१ साली कॉक्रेन या, उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ३२ अभ्यास पाहिले. खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत जाणवण्याजोगा फायदा बहुधा नाही, असा निष्कर्ष निघाला. शॉकवेव्हची, म्हणजे दुखऱ्या जागी यंत्राने ध्वनिलहरींचे धक्के देण्याची कथा फार वेगळी नाही. शस्त्रक्रियेचा एक छोटा अभ्यास मात्र वाचण्यासारखा आहे. २६ रुग्णांपैकी निम्म्यांची खरी शस्त्रक्रिया केली, निम्म्यांची त्वचा उघडून, कंडरा न कापता तशीच शिवली. २०१८ साली निकाल छापला: दोन्ही गट सुधारले, आणि दोघांत फरक सापडला नाही. २६ ही संख्या फार लहान आहे, त्यावरून शस्त्रक्रिया कुणालाच नको असं मी म्हणणार नाही. सचिन तेंडुलकरने २००५ साली करून घेतली होती. पण त्याच्या आणि आपल्या कोपराच्या गरजा वेगळ्या.

५. तोवर हाताचं काय करायचं

हात पूर्ण बांधून ठेवू नका आणि कळ सोसून रेटूही नका. वस्तू उचलताना तळवा वर ठेवा. पिशवी मुठीत लटकवण्याऐवजी कोपरात अडकवा.

व्यायाम सोपा आहे. हात टेबलावर ठेवा, पंजा कडेबाहेर, तळवा खाली. मुठीत अर्धा लिटरची बाटली, सुरुवातीला अर्धीच भरलेली. दुसऱ्या हाताने पंजा वर उचला, मग आधार काढून सावकाश खाली येऊ द्या. पंधरा वेळा, असे तीन फेरे. थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखत असेल तर बाटलीतलं पाणी कमी करा. एकदा फिजिओथेरपिस्टसमोर करून दाखवलेलं बरं. वहिनी पहिले चार दिवस मनगटाऐवजी खांदाच हलवत होत्या.

६. एखादा प्रयोग चालू आहे का, हे शोधायचं असेल तर

भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची ‘सीटीआरआय’ ही सरकारी नोंदवही २००७ पासून इंटरनेटवर फुकट पाहता येते. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना तिथली नोंद सक्तीची आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधही त्यात सापडतात. नोंद उघडली की दोनच रकाने आधी बघा: तुलना कशाशी, आणि निकाल किती आठवड्यांनी मोजणार. चार आठवड्यांवर संपणारा प्रयोग या दुखण्याबद्दल फार थोडं सांगू शकतो, हे आता तुम्हालाही कळेल.

कुणी तुम्हालाच सहभागी व्हायला सांगितलं, तर माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा. सोलापुरात ती भाषा तेलुगू किंवा कन्नडही असू शकते, लाजू नका. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, विचारा. मधूनच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

वहिनींनी इंजेक्शन घेतलं नाही. ‘घेऊच नका’ असं मीही म्हटलं नव्हतं. घरात लग्नकार्य आहे, महिनाभर हात चाललाच पाहिजे, अशा माणसाला सहा आठवड्यांचा आराम पुढच्या धोक्यापेक्षा मोलाचा वाटू शकतो. तो सौदा कळून करावा एवढंच. वहिनींनी थापायचं काम पुतणीला दिलं आणि स्वतः तव्यापाशी बसल्या. आठ महिने झाले. हात सुधारला तो बाटलीने की नुसत्या दिवसांनी, हे मला सांगता येणार नाही, कारण तुलनेला दुसऱ्या वहिनी नाहीत. गेल्या रविवारच्या पानावर ‘टॉवेल २’ आहे. चादर मात्र अजून मलाच पिळायला लावतात.