स्वस्त क्रोमबुक घ्यावं का? पैसे मोजण्याआधी हे करून बघा

क्रोमबुक म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप; त्यात बहुतेक काम क्रोम ब्राउझरमध्येच होतं आणि विंडोजचे प्रोग्राम चालत नाहीत. दुकानात किंमत ऐकून हुरळून जाऊ नका. आधी घरी बसून, या लॅपटॉपवर कोण काय करणार ते लिहून काढा आणि त्यात ब्राउझरमध्ये न होणारं एखादं काम आहे का ते शोधा. एक जरी सापडलं, तरी क्रोमबुकचा विचार तिथंच सोडा.

सोलापुरात असं काम हमखास निघतं. चादर-टॉवेलच्या कारखान्याचा हिशेब टॅलीवर असतो आणि टॅली हा विंडोजचा प्रोग्राम. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावून रिटर्न भरायचं, एमएस-सीआयटीचा सराव करायचा, श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये लग्नपत्रिका तयार करायची, तरी क्रोमबुकवर भागणार नाही. जुना प्रिंटरही कदाचित चालणार नाही. उलट कॉलेजच्या नोट्स, ऑनलाइन फॉर्म, व्हिडिओ लेक्चर, ईमेल एवढंच असेल तर खुशाल पुढं चला.

मग आठवडाभर घरातल्या कॉम्प्युटरवर फक्त क्रोम उघडून सगळं काम करा. दुसरं काही उघडावं लागलं की लिहून ठेवा. जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल तर आणखी बरं. क्रोमबुकसारखीच सिस्टिम जुन्या मशीनवर चालवणारं गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स फुकट मिळतं. ते ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घालून, हार्ड डिस्कला हात न लावता चालवून बघता येतं. त्यात प्ले स्टोअरची ॲप्स मिळत नाहीत, बाकी अनुभव बराचसा क्रोमबुकचाच. कित्येकदा त्या जुन्या मशीनवरच भागतं आणि खरेदी टळते. दुकानदार अर्थातच हे सांगणार नाही.

नेटचंही बघा. लाइट गेली की वायफाय गेलं, मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजच्या दीड जीबीत लेक्चर किती पुरणार? गूगल डॉक्स नेटशिवाय चालतं, पण ऑफलाइनची सोय आधी चालू करून ठेवावी लागते.

एवढं जमलं तर दुकानात जा. लॉगिन न करता 'अतिथी' म्हणून आत शिरा. सात-आठ टॅब, त्यात एक यूट्यूब, असं उघडून टाइप करून बघा. अक्षरं मागून उमटायला लागली तर ४ जीबी रॅम तुम्हाला पुरणार नाही. रॅम बहुधा बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्क्रीन बाजूनंही बघा, स्वस्त पॅनेलवर रंग फिके पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं, मॉडेल नंबर घेऊन गूगलच्या मदत पानावर अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख शोधा. २०२१ पासून आलेल्या क्रोमबुकना १० वर्षं अपडेट मिळतात, पण ही वर्षं तुम्ही विकत घेतल्यापासून नाही, त्याचा हार्डवेअर प्लॅटफॉर्म, म्हणजे आतली मूळ रचना, बाजारात आल्यापासून मोजतात. सेलमध्ये मोठी सूट असलेल्या मॉडेलची निम्मी वर्षं आधीच संपलेली असू शकतात. तीन-चार वर्षंच उरली असतील तर घासाघीस करा, नाहीतर सोडून द्या.

आणि दुरुस्ती सोलापुरात होते की मशीन पुण्याला पाठवावं लागतं, हे बिल फाडायच्या आधी विचारा.