प्रीकास्ट यार्डात ऑटोमेशन आणताय? आधी या चुका टाळा

शेताच्या कुंपणाचे खांब, नालीचे बॉक्स, कंपाउंडचे पॅनेल, आता शाळाखोल्यांच्या तयार भिंती. साच्यात काँक्रीट ओतून असा माल आधीच तयार करणाऱ्या विदर्भातल्या गावाकडच्या प्रीकास्ट यार्डांचं काम वाढतंय, तसा हातातला खटका जाऊन पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आणि टचस्क्रीन येतेय. त्याचं स्वागतच आहे. पण मालाचा खर्च आणि तुटफूट कमी झाली नाही, म्हणून मशीनला दोष देणारे मालकही भेटतात. बहुतेक ठिकाणी मशीन सांगितलेलंच करत असते, तिला मिळणारा आकडा मात्र खोटा असतो.

रेतीचा ओलावा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. समजा एका घनमीटरला ३८० किलो सिमेंट, १६० लिटर पाणी आणि ७०० किलो रेती असं मिश्रण स्क्रीनवर भरलंय. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या रेतीत ५ टक्के ओलावा असेल, तर तिच्यासोबत साधारण ३३ लिटर पाणी गुपचूप आत जातं. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४२ वरून ०.५१ वर जातं आणि तेवढ्याच वजनाची रेती कमी पडते. रिपोर्टमध्ये सगळं हिरवं दिसतं, पण २८ दिवसांनी क्यूब, म्हणजे ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा, फेल होतो. मे महिन्यात नेमकं उलटं होतं. तापलेली, कोरडी गिट्टी मिश्रणातलं पाणी शोषते, माल घट्ट होतो आणि मिक्सरवाला पाइपने अंदाजे पाणी मारतो. त्या पाण्याची कुठेच नोंद नसते.

ओलाव्याचा सेन्सर बसवला म्हणजे काम संपलं, असं नाही. त्यावरून रेती सतत वाहत असली पाहिजे, आणि त्याचा आकडा रोज तपासला पाहिजे. ५०० ग्रॅम ओली रेती तव्यावर पूर्ण कोरडी होईस्तोवर भाजा आणि पुन्हा मोजा. ४७६ ग्रॅम भरली तर ओलावा साधारण ५ टक्के. स्क्रीन ३ दाखवत असेल तर सेन्सरचा आकडा नव्याने जुळवून (कॅलिब्रेट करून) घ्या. आणि रेतीवर पत्र्याचं छत टाका, सेन्सर घेण्याच्याही आधी.

वजनकाटा

काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) मोजमापातली चूक सिमेंटसाठी २ टक्के आणि गिट्टी, रेती, पाणी, अ‍ॅडमिक्श्चर (मिश्रणात घालायचं रसायन) यांसाठी ३ टक्क्यांच्या आत हवी. हॉपर (माल मोजायचा डबा) रिकामा करूनही शून्य येत नसेल तर आधी खाली अडकलेला दगड किंवा आत चिकटलेलं सिमेंट बघा. मग जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलंय का, उंदरांनी केबल कुरतडलीय का, ते पाहा. मोटर सुरू होताच आकडा नाचत असेल, तर लोडसेलची (वजन मोजणाऱ्या सेन्सरची) केबल पॉवर केबलसोबत एकाच पाइपातून गेली असण्याची शक्यता जास्त. प्रोग्राममध्ये शून्य ‘सेट’ करून दोष झाकू नका. प्रमाणित वजनं टांगून तपासा.

वीज आणि काळी माती

बॅचच्या (मिश्रणाच्या एका घाण्याच्या) मध्येच लाइट गेली आणि पुन्हा आली, तर पीएलसी जिथे थांबली तिथून पुढे चालते की नव्याने सुरू होते? नव्याने सुरू झाली तर त्याच मिक्सरमध्ये दुसऱ्यांदा सिमेंट पडतं. खरेदीच्या वेळीच मेन स्विच पाडून हे तपासा. पीएलसीला यूपीएस द्या, आणि मिक्सरला जनरेटर, कारण आत अडकलेला माल फोडून काढायला अख्खा दिवस जातो.

काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते, आणि अर्थिंगचा रोध वाढतो. त्यानंतर लगेच जूनच्या विजा. मशीनमधली इलेक्ट्रॉनिक कार्डं जळण्याचे दिवस हेच. म्हणून अर्थिंग मे महिन्यातच मोजा, खड्ड्याला पाणी द्या, विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवा. हीच माती पावसात फुगते आणि कास्टिंग टेबल उचलते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर लेव्हल पावसाळ्याआधी आणि नंतर तपासलीच पाहिजे. नाहीतर सरळ मोल्डमधून तिरपं पॅनेल निघतं आणि दोष ड्रॉइंगवर जातो.

ठरलेल्या तासाला मोल्ड उघडणं

टायमरला थंडी कळत नाही. जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांजवळ आला की काँक्रीट हळू पिकतं, आणि मिश्रणात औष्णिक वीजकेंद्राची राख असेल तर आणखी हळू. मे महिन्यातल्या तासांवर डिसेंबरात पॅनेल उचललं, तर हूकजवळ भेग पडते. पिकण्याचा अंदाज देणारा मॅच्युरिटी सेन्सर चांगला आहे, पण तापमान आणि वेळेवरून ताकद सांगणारा त्याचा तक्ता त्याच मिश्रणापुरता खरा असतो. कोराडीची राख बंद करून चंद्रपूरची किंवा पारसची घेतली, तर क्यूब फोडून तक्ता नव्याने बनवा. वाफेची क्युरिंग असेल तर काँक्रीटचं तापमान ७० अंशांपुढे जाऊ देऊ नका, भेगा पुढे काही वर्षांनीही येतात.

ड्रॉइंग, टॅग, माणसं

यार्डात एकच चालू ड्रॉइंग असावं. व्हॉट्सअ‍ॅपवरची जुनी पीडीएफ पाहून भरलेल्या पॅनेलमध्ये खिडकी भलतीकडेच निघते. क्यूआर टॅग धुळीत आणि पाण्यात निघून जातो, म्हणून पॅनेलवर नंबर ऑइल पेंटनेही लिहा. सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय नोंद साठवणारं घ्या, कारण रेंज जाते आणि मग संध्याकाळी आठवून नोंदी भरल्या जातात. अशा नोंदी न भरलेल्या बऱ्या. स्क्रीनवरचे संदेश मराठीत किंवा हिंदीत हवेत. दर दोन मिनिटांनी अलार्म वाजू लागला की ऑपरेटर न वाचता रीसेट दाबतो, त्यात त्याचा दोष नाही. अलार्म कमी करा.

भिंत गावापर्यंत नेण्याचा रस्ताही आधी फिरून या. ओढ्यावरचा अरुंद पूल आणि खाली लोंबणाऱ्या तारा कॉम्प्युटरमधल्या मॉडेलमध्ये नसतात.

आणि पीएलसीच्या प्रोग्रामची बॅकअप फाइल व पासवर्ड विक्रेत्याकडून लेखी घ्या. ते नसेल तर एका छोट्या बदलासाठीही त्याच्या माणसाची वाट बघत यार्ड बंद ठेवावं लागतं. शेवटचा हप्ता देण्याआधी ती फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा.