"नास्तिकपणा हाही एक धर्मच की!" असं कोणी म्हणालं तर काय करायचं

दरवर्षी गणपतीत सदाशिव पेठेत मामांकडे जेवायला जायचं आणि दरवर्षी आरतीनंतर हा विषय निघायचा, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. मी देव मानत नाही हे सगळ्यांना माहितीये, तरी झांजा मामी माझ्याच हातात देते कारण बाकीच्यांचा ताल दुसऱ्या कडव्यापर्यंत टिकत नाही. मंत्रपुष्पांजली झाली, हातातली फुलं वाहिली, खिरापतीचा डबा फिरला की मामा खुर्चीत टेकून सुरू करणार, "काय गं, तुमचं ते नास्तिक-बिस्तिक, तो पण एक धर्मच झाला की."

तीन-चार वर्षांपूर्वी मी इंटरनेटवरचं तयार उत्तर फेकलं. "मामा, टक्कल हा काय केसांचा रंग असतो का?" म्हटलं आणि मग लक्षात आलं की समोर कोण बसलंय. मामांच्या डोक्यावर गेली वीस वर्षं एक केस नाही. मामी आत जाऊन हसली. मामा शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे कंगवा नाही, बरोबर. पण म्हणून मी तुळशीबागेत जाऊन कंगवे विकणाऱ्यांशी रोज हुज्जत घालतो का? तू घालतेस."

काय बोलणार. मोदक खाल्ला आणि घरी आले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून जमेल तसं वाचलं, दोन-चार वकील मित्रांना पिडलं, आणि आता हा वाद आला तर तो कसा घ्यायचा याची एक पद्धत माझी माझी बसलीये, ती सांगते. वाद जिंकायची पद्धत नाहीये ही, निदान दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताय का एवढं तरी कळतं.

तर पहिलं काम, समोरच्याला विचारा की "धर्म म्हणजे कुठला धर्म?" हे फाटे फोडणं वाटेल पण मराठीत हे विचारावंच लागतं, कारण आपला हा शब्द फार पसरट आहे. शेजारधर्म म्हणतो, पाण्याचे गुणधर्म म्हणतो, राजधर्म म्हणतो, भिकाऱ्याला काही दिलं तर दानधर्म म्हणतो, यातल्या एकातही देवळात जायचा संबंध नाही. मामा पहिल्या वाक्यात धर्म म्हणतात तेव्हा त्यांना "आयुष्य कसं जगायचं याची धारणा" म्हणायचं असतं, आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत तोच शब्द "तुमचा पंथ, तुमचे बाबा, तुमची पोथी" असा झालेला असतो. पहिल्या अर्थानं माझा धर्म आहेच की, नाही कशाला म्हणू. दुसऱ्या अर्थानं आहे का ते बघावं लागेल. अर्थ मधेच बदलला की तिथंच थांबवा, पुढं जाऊ देऊ नका. (गंमत म्हणजे महाराष्ट्रात एखाद्या नास्तिक मंडळींनी सार्वजनिक ट्रस्ट काढला तरी नोंदणीला जायचं धर्मादाय आयुक्तांकडेच. १९५०चा कायदा आहे, इलाज नाही.)

दुसरं, "नास्तिक" हा शब्दही तपासून घ्या, आणि इथं आपल्या बाजूचे लोक जास्त घसरतात. पाणिनीचं सूत्र आहे, "अस्ति नास्ति दिष्टं मतिः", त्यावरून आस्तिक, नास्तिक हे शब्द साधतात, आणि टीकाकार तिथं परलोक धरतात, म्हणजे परलोक आहे म्हणणारा आस्तिक, नाही म्हणणारा नास्तिक. मनुस्मृती म्हणते "नास्तिको वेदनिन्दकः", म्हणजे वेदाला नावं ठेवणारा तो नास्तिक. देव न मानणारा हा अर्थ आपण आज सर्रास वापरतो, पण जुन्या दर्शनांच्या, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांच्या, वाटणीत तो चालत नाही. कसा चालेल? सांख्य आस्तिक दर्शनांत मोजलं जातं आणि सांख्यसूत्रात सरळ "ईश्वरासिद्धेः" असं येतं, ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. मीमांसक तर यज्ञाचा बारीकसारीक तपशील सांभाळणारे लोक, एवढं कर्मकांड आणखी कोणाकडे नसेल, आणि जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना लागतच नाही. दुसऱ्या बाजूला जैन आणि बौद्ध, वेद मानत नाहीत म्हणून नास्तिकांच्या यादीत, पण ते धर्म नाहीत असं लक्ष्मी रोडवर उभं राहून कोणी म्हणून दाखवावं.

म्हणून "आम्ही देव मानत नाही, मग धर्म कसा?" हे उत्तर देऊ नका. युरोपात थोडंफार चालत असेल, इथं पहिल्याच दणक्यात पडतं. सुप्रीम कोर्टानंही १९५४ सालीच शिरूर मठाच्या केसमध्ये म्हणून ठेवलंय की बौद्ध आणि जैन हे ईश्वर न मानणारे धर्म आपल्या देशात आहेतच, त्यामुळे देव मानणं ही धर्माची अट होऊ शकत नाही. म्हणजे मामांचं अर्धं म्हणणं बरोबर. देव नसला तरी धर्म असू शकतो. पण देव नसलेलं सगळंच धर्म असतं असं काही त्यातून निघत नाही, आणि मामा नेमकी तिथंच उडी मारतात.

मग ओळखायचं कसं? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइमनं १९१२च्या पुस्तकात धर्माची व्याख्या करताना देव बाजूलाच ठेवला होता, बौद्ध धर्माचं उदाहरण देऊनच. त्याच्या मते काही गोष्टी पवित्र म्हणून वेगळ्या काढलेल्या असतात, त्यांच्याभोवती श्रद्धा आणि आचार असतात, आणि ते मानणाऱ्यांचा एक समाज बनतो. हे घरगुती भाषेत आणलं तर मी असे प्रश्न विचारते: बाळ जन्मलं, लग्न ठरलं, माणूस गेलं तर काय करायचं हे तुमच्याकडे ठरलेलं आहे का? ज्याची चेष्टा केली तर तुम्हाला राग येतो असं काही आहे का? मत बदललं तर तुम्हाला कोणी वाळीत टाकेल का? आणि नवीन माणूस आत आला हे कळतं कशावरून?

हे प्रश्न एकदा स्वतःला लावा आणि मग तुम्ही ज्या ग्रुपमध्ये असाल त्या ग्रुपला लावा, उत्तरं वेगळी येतात. माझं स्वतःचं सगळं "नाही" आलं, चेष्टेवाला प्रश्न सोडून, तिथं मी जरा अडखळले. एका व्हॉट्सअॅप ग्रुपला लावलं तर मात्र गडबड झाली. त्या ग्रुपमध्ये एकानं आईच्या आग्रहाखातर वास्तुशांत केली म्हणून त्याला चार दिवस इतकं झोडलं की तो शेवटी निघूनच गेला, आणि तेव्हा मला लहानपणी ऐकलेल्या प्रायश्चित्ताच्या गोष्टी आठवल्या, फक्त पंचगव्य तेवढं नव्हतं. मामांचा कंगवा इथं लागतो. देव न मानणं हे मत झालं, पण त्या मताभोवती आत-बाहेरची कुंपणं घालून बसलात तर तुमचं वागणं पंथाचं झालं, आणि ते कबूल करायला लाज वाटू नये.

असं जाणूनबुजून करणारेही होऊन गेलेत बरं का. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये बुद्धीचा उत्सव केला होता, देवीच्या जागी एक बाई बसवून. पुढं ऑग्युस्त कोंत नावाच्या तत्त्वज्ञानं चक्क मानवतेचा धर्म काढला, त्याला स्वतःचं कॅलेंडर, अठ्ठावीस दिवसांचे तेरा महिने, महिन्यांना होमर, अ‍ॅरिस्टॉटल अशी थोरांची नावं. लंडनमध्ये २०१३ साली दोन विनोदी कलाकारांनी रविवारची सभा सुरू केली, गाणी, भाषण, नंतर चहा, म्हणजे चर्चच, फक्त देव वजा. नॉर्वेत मुलं वयात आली की चर्चच्या विधीऐवजी मानवतावादी संस्थेचा समारंभ करतात आणि तो तिथं चांगला रुळलाय. याला धर्म म्हणा, मला हरकत नाही. पण तो त्या लोकांनी वरून बांधलेला इमला आहे, देव न मानल्यामुळे आपोआप उगवलेला नाही.

आणि पुण्यात बघायचं तर समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर बघा. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते 'सुधारक'मध्ये लिहीत राहिले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यही झाले. त्यांच्या नावानं एक रस्ता आहे, पण उपास नाही की सप्ताह नाही की दीक्षा नाही. उलट जोतीराव फुल्यांना लोक खुशाल नास्तिक म्हणून टाकतात, ते साफ चूक, ते निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानायचे आणि १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये भटजी नको म्हणून. वाद घालताना ही सरमिसळ करू नका, समोरचा वाचलेला असला तर तिथंच धरतो. तशीच गल्लत अंनिसची, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची. दाभोलकरांची भूमिका आयुष्यभर हीच होती की समितीचा विरोध देवाधर्माला नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे, आणि देव मानणारे कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होतेच. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी फिरायला गेलेले असताना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्यानंतरही लोक त्यांना "नास्तिकांचे पुढारी" म्हणतात तेव्हा मी चिडते, हे मान्य. चेष्टेवाल्या प्रश्नाला मी अडखळले ती इथं.

"देव नाही ही पण श्रद्धाच ना?" हा पुढचा बॉल हमखास येतो. इथं आधी तुमचं तुम्ही ठरवा की तुम्ही "देव नाहीच" म्हणताय की "मला पुरावा दिसला नाही म्हणून मानत नाही" म्हणताय. पहिलं म्हणत असाल तर दावा तुमचा, युक्तिवाद द्या. दुसरं असेल तर तसं एका वाक्यात सांगा आणि गप्प बसा. पुढं ताणू नका.

आता कागदाचं काम, कारण खरी कटकट तिथं आहे. मुलीच्या शाळेच्या ऑनलाइन फॉर्मवर धर्माचा कॉलम होता आणि यादीत सगळं होतं, "इतर" पण होतं, "नाही" नव्हतं. ऑफिसात गेले तर तिथली बाई वैतागून म्हणाली, "अहो काहीतरी टाका, त्याशिवाय सिस्टीम पुढं जात नाही." मागं रांग होती. मी "इतर" टाकलं आणि झालं, त्या दिवशी सरकारदरबारी मी मामांच्या बाजूनं मत दिलं.

कायदा बघितला तर चित्र जरा विचित्र आहे. अमेरिकेत २००५ साली तुरुंगातल्या एका नास्तिक कैद्याला अभ्यासगट काढायचा होता, तुरुंगानं नकार दिला, तर अपील कोर्टानं म्हटलं की घटनेच्या संरक्षणापुरता नास्तिकपणा धर्मासारखाच धरायचा. म्हणजे तिथं हक्क मिळायला धर्माचं लेबल कामाला आलं. आपल्याकडे तशी गरज पडत नाही, कारण आपल्या घटनेच्या कलम २५मध्ये धर्माच्या आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आलंय, आणि मुंबई हायकोर्टानं २०१४ साली स्पष्ट सांगितलं की मला कुठलाच धर्म नाही असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, सरकार कोणाला फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही. तेव्हा ऑफिसात वाद घालायचा असेल तर "नास्तिक हाही धर्म, तो यादीत टाका" असं म्हणू नका, "कॉलम रिकामा ठेवायचाय, २०१४चा निकाल आहे" असं लेखी द्या. मी दिलं नाही, रांगेला घाबरले.

पण रिकामा ठेवायच्या आधी एक थांबा. तुम्ही अनुसूचित जातीत असाल तर ती सवलत १९५०च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख किंवा बौद्ध असण्याशी बांधलेली आहे, त्यामुळे उत्साहात कागदावर काही लिहिण्याआधी जाणकार वकिलाला विचारा. आणि बाकीच्यांनीही फार हुरळून जाऊ नये, कारण हिंदू विवाह कायदा मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नसलेल्या जवळपास प्रत्येकाला लागू होतो, म्हणजे हिंदू घरात जन्मलेला कट्टर नास्तिक कायद्याच्या नजरेत हिंदूच. आम्ही स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न केलं, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सगळं झालं आणि मला वाटलं सुटले, तर वकील मैत्रिणीनं सांगितलं की दोघं हिंदू असाल तर वारसाहक्क हिंदू कायद्यानंच. स्पेशल मॅरेजच्या १८७२च्या जुन्या कायद्यात उलटं होतं, तिथं लग्न करायचं तर मी हिंदू नाही, मुस्लिम नाही, ख्रिश्चन नाही अशी यादी वाचून जाहीर करावं लागायचं. आत्ताच्या, १९५४च्या कायद्यानं ती भानगड काढून टाकली.

जनगणनेचे आकडे कोणी तोंडावर फेकले तर तेही जरा बघून घ्या. २०११ला धर्म न सांगितलेले लोक साधारण २८.७ लाख होते, ते सगळे नास्तिक म्हणून मिरवणारे बरेच भेटतात. न सांगणं आणि न मानणं यात फरक आहे, आमच्या सोसायटीत अर्ध्या लोकांनी तर दारच उघडलं नव्हतं.

राहिलं आरतीचं. उभं राहायचं का, टाळ्या वाजवायच्या का, प्रसाद घ्यायचा का, हे मला नवीन मुलं फार विचारतात. मी उभी राहते, झांजा वाजवते, नमस्कार करत नाही, मोदक तीन खाते. यानं माझा नास्तिकपणा बाटत नाही, बाटला असता तर मग तो मामा म्हणतात तसा धर्मच असता. ज्याला नाही जमत त्यानं आरतीच्या वेळी पानं मांडायला स्वयंपाकघरात जावं, कोणी काही म्हणत नाही, उलट मामी खूश होते.

यंदा हे सगळं मी मामांना ऐकवलं, कोंतचं कॅलेंडर आणि शाळेचा फॉर्म धरून. ते म्हणाले, "म्हणजे धर्म नाही, पण अधूनमधून होतो." मी म्हटलं, "हो, व्हॉट्सअॅपवर होतो." विसर्जनाला मूर्ती हौदापर्यंत मीच नेते, मामांचा गुडघा दुखतो म्हणून. जिना अरुंद आहे आणि पाट जड, तेव्हा विषय निघालाच तर मूर्ती खाली उतरवून होईपर्यंत उत्तर देऊ नका.